बरी आहे, असंच सांगायचं

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी माणसाला कसं आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. बरं आहे, प्रभूच्या कृपेने. दुखणं तोंडाने बोललं की त्याला घरात पाट मांडून दिल्यासारखं होतं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. म्हणून बरं व्हायच्या आधीच बरं झालो म्हणायचं आणि मग वाट बघायची. आमचे पास्टर एकदा मलेरियाने घोंगडी पांघरून दात वाजवत होते, तरी मला म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास, ताई." बारा वर्षं मी हे पाळत आले होते. मुरबाड-शहापूर रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. पट्टा तुटून पडलेला असला तरी मी गिऱ्हाइकाला "आत्ता चालू होतेय" म्हणते. त्यामुळे मला ह्यात कधी अवघड वाटलं नाही.

मुलगी तिसरीत होती. शेतात भात निसवायला लागलं होतं. मंगळवारी सकाळी ती कॉटवरून उतरली आणि तिथेच खाली बसली.

"आई, पाय नाय उठत."

त्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. मी म्हटलं, "पायांना सांग, पेपर देऊन या नि मग झोपा." बगलांत हात घालून तिला उभी केली, तर ती ओल्या गोणपाटासारखी माझ्या अंगावर आली. ताप नव्हता. कुठे पडली नव्हती. आदल्या संध्याकाळी अंगणात लंगडी खेळली होती.

सासू शेजारच्या खोलीत राहते. ती आमच्या विश्वासात आलेली नाही. ती दारातूनच म्हणाली, "बाहेरचा लागला गो पोरीला. भगताकड नेऊ. अर्ध्या तासाचा काम हाय."

"आम्ही डॉक्टरकडे नेतोय."

"डाक्टरला काय दिसनार? तुमच्या देवाला तरी दिसतंय का, ते इचार त्याला."

तिच्याशी भांडायला वेळ नव्हता. नवरा टेम्पो चालवतो. तो आसनगावच्या वाटेवरून परत फिरला. मुरबाडच्या डॉक्टरांनी मुलीच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी परत मारली. मग चिठ्ठी लिहायला घेतली. "ठाण्याला न्या. आजच." टेम्पोत पास्टरांनी फोनवरून प्रार्थना केली. मी फोन मुलीच्या कानाला लावून धरला होता. नवरा हॉर्न वाजवत होता आणि मधून मधून आमेन म्हणत होता.

ठाण्याच्या हॉस्पिटलात तीन दिवस तपासण्या झाल्या. रक्त, पाठीतलं पाणी, डोक्याचा फोटो. मुलांच्या वॉर्डची डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला सरळ. ती म्हणाली, "दोन-तीन आजारांची नावं डोक्यात आहेत, पण एकही पूर्ण बसत नाही. कारण मला सांगता येत नाही. बघायचं एवढंच, की ही कमजोरी पायांतून वर चढतेय का. हात, मग गिळणं, मग श्वास. तुम्ही चोवीस तास तिच्याजवळ आहात. जरा काही वेगळं दिसलं की मला सांगा."

मी हो म्हटलं. मला कळलं नव्हतं अशातला भाग नाही.

इकडे मंडळीने साखळी प्रार्थना धरली होती. एकेका घराने एकेक तास वाटून घ्यायचा, उपास धरून बसायचं, आणि तास संपला की आजाऱ्याच्या घरी फोन करायचा. बावीस घरं होती. दर तासाला फोन वाजायचा. "कशी आहे पोरगी?" "बरी आहे, प्रभूच्या कृपेने." "आमेन, ताई." पहिल्या दिवशी हे म्हणताना मी तिच्या पायांकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी बघायची गरजही उरली नाही. तोंड आपोआप बोलत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिला चहात बिस्किट बुडवून दिलं. तिला ठसका लागला आणि चहा नाकातून आला. मी पुसला. म्हटलं, लहान घोट घे. दुसरा घोटही तसाच परत आला. मी कप खाली ठेवला, तिच्या फ्रॉकची पुढची बाजू झटकली, आणि तेवढ्यात डॉक्टर आली.

"कशी आहे आज?"

"बरी आहे, प्रभूच्या कृपेने."

"चहा-पाणी नीट घेते?"

"हो."

तिने पाय तपासले, हात दाबून बघितले, कागदावर काही लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे गेली.

"आई," मुलगी म्हणाली. आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. "तू खोटी बोललीस. नाकातून आला ना चहा."

"गप्प. तसं बोलायचं नसतं."

"पण आला ना."

तो कप परत हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. डॉक्टर तीन कॉट पुढे गेली होती, म्हणजे दहाएक मिनिटं असतील. मला भीती कशाची होती, ते लिहायला हवं. बावीस घरं उपाशी बसली होती. मी एकदा "वाढलंय" म्हटलं तर ती साखळी माझ्या तोंडून तुटणार, आणि पुढे मुलीचं जे होईल ते माझ्या अविश्वासामुळे होईल, असं मला खरोखर वाटत होतं. आणि डॉक्टरने काय सांगितलंय तेही पाठ होतं. हात, मग गिळणं, मग श्वास. हातांचं राहून गिळण्यावरच आलं होतं.

मी वॉर्डच्या टोकाला धावत गेले. "मॅडम, मी खोटं सांगितलं. तिला गिळता येत नाही. चहा नाकातून येतोय."

"कधीपासून?"

"आत्ता सकाळपासून. तुम्ही विचारलंत तेव्हाही."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "ताई, आम्ही विचारतो ते नुसतं बोलायचं म्हणून नाही." आणि ती माझ्यापुढे चालत मुलीकडे आली. "बाळा, मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे मोज. जमेल तिथपर्यंत."

मुलगी अकरावर थांबली.

"किती यायला पाहिजेत?" मी विचारलं.

"वीसच्या वर." तोपर्यंत तिने स्ट्रेचर मागवलं होतं. अर्ध्या तासात मुलगी अतिदक्षता विभागात होती, नाकात नळी, हाताला सलाईन, आणि मी काचेच्या बाहेर. कुठलं औषध लागू पडेल ते सांगता येत नाही, पण थांबायलाही वेळ नाही, असं डॉक्टर म्हणाली. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

फोन वाजला. तो तास पास्टरांचा होता.

"ताई, कशी आहे आपली लेक?"

"बरी नाही."

पलीकडून हळूच, "ताई, असं तोंडाने नका बोलू. कबुली विश्वासाची..."

"पास्टर, तिला गिळता येत नाही. आत नेलंय. एका श्वासात अकराच आकडे होतात. प्रार्थना करायची तर ह्याची करा. दुसरी कुठली मला आत्ता नको."

मला वाटलं, ते फोन ठेवतील, किंवा मला समजावत बसतील. मी दोन्हीला तयार होते.

"अकरा?" ते म्हणाले.

"अकरा."

"किती लागतात?"

"वीस."

"बरं. मग नऊ कमी आहेत." त्यांनी खोकून घसा साफ केला. "नऊ मागतो."

त्यानंतर फोन तसेच दर तासाला येत राहिले, पण विचारणं बदललं. "आज किती?" म्हणायची माणसं. दुसऱ्या दिवशी आठ झाले. आठच सांगितले. एका घरातली बाई फोनवर रडली. मी तिला म्हटलं, रडू नका, तुमचा तास आहे, मोजून मागा. त्याच्या पुढच्या दिवशीही आठच. तेव्हा मी देवाला जे बोलले त्याला कोणी प्रार्थना म्हणणार नाही. दळण बिघडल्यावर गिऱ्हाईक गिरणीवाल्याला बोलतं, तसं बोलले. पण त्याच्याशीच बोलले, दुसऱ्या कुणाकडे गेले नाही.

त्या दिवशी सासूचा फोन आला. "किती मोजला गं?"

"आठ. तुम्हाला कोणी सांगितलं मोजण्याचं?"

"तुमची मानसा इथं गिरणीच्या ओट्यावर बसून तासातासाला वरडतात, मी काय भैरी हाय? मी पन बसते येक तास रोज. कुनापुढं बसते त्या इचारू नको."

विचारलं नाही. नवऱ्याने विचारलं, तर त्याला मी गप्प केलं.

आत नेल्यापासून सहाव्या दिवशी नऊ झाले. मग अकरा. मग तेरा. नळी काढायच्या दिवशी डॉक्टरने तिला चमच्याने पाणी दिलं आणि आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. पाणी गेलं. "अजून दे," ती म्हणाली. वीस व्हायला त्यानंतर नऊ दिवस लागले, आणि पायांवर उभी राहायला दोन महिने. घरी जाताना दिलेल्या कागदावर कारण लिहिलेलं नाही. मी डॉक्टरला विचारलं, पुन्हा होईल का? ती म्हणाली, "बहुतेक नाही." सरळ बोलणारी बाई होती, म्हणून तो 'बहुतेक' मी घरी घेऊन आले.

आता ती चौथीत आहे, शाळेत चालत जाते. मी मात्र तिची वेणी घालताना अजून आकडे मोजायला लावते. ती वैतागते, पण मोजते. मागच्या आठवड्यात छत्तीस झाले. त्याच्या आधी एकोणचाळीस होते. तीन कुठे गेले ह्या काळजीत मी दुपारपर्यंत गिरणीत बसले, एका बाईची नाचणी दुसरीच्या तांदळात दळली, आणि शेवटी पास्टरांना फोन लावला.

"ताई," ते म्हणाले, "आधी बघा तिला सर्दी झालीय का."

झाली होती. तरी त्या तीनसाठी मी वेगळी प्रार्थना केलीच.