वीस आकडे
मे १९९४, रविवार सकाळ, खिशात ऐंशी रुपये आणि कळंबोलीच्या ट्रकतळाजवळच्या गॅरेजात आम्ही तिघं: मी, बायको आणि मेकॅनिक. आमच्या जुन्या स्कूटरच्या कार्बुरेटरमधला हवेचा स्क्रू असा गच्च बसला होता की काही केल्या फिरेना. मेकॅनिकने कार्बुरेटर काढून पुसला, भांड्यांना डाख देतात तसली रॉकेलची बत्ती पेटवली आणि म्हणाला, "वीस आकडे तापवायचा, मग फिरवायचा. जास्त झालं तर वितळंल. साहेब, पकडीत धरा." पुसूनही पेट्रोलचा वास येत होता. मी पक्कड ज्योतीपासून हातभर लांबच धरली, तेव्हा बायकोने ती काढून घेतली. "मोजायचं तरी जमंल न्हवं?" मेकॅनिक हसला. ज्योत तिच्या बांगड्यांपासून वीतभर लांब होती. मी वीस मोजले, स्क्रू हलला नाही. "साहेब, तुमच्या विसात माझे दहाच झाले." बायको म्हणाली, "तुम्ही राहू द्या, मीच मोजते." ती सावकाश मोजू लागली. पंधराला स्क्रूमागे अडकलेलं पेट्रोल भपकन पेटलं. मी दोन पावलं मागे सरलो. तिने हात हलवला नाही, फक्त सोळा जरा मोठ्याने म्हणाली. विसाला मेकॅनिकने पेचकस लावला आणि स्क्रू करकरत सुटला. अजूनही रॉकेलचा वास आला की मी मनात मोजायला लागतो आणि पंधरापाशी अडकतो. मेकॅनिकचे पस्तीस रुपये झाले होते. माझ्या बोटांना नोटा सुटेनात, म्हणून तिनेच माझ्या खिशातून काढून, मोजून त्याच्या हातावर ठेवल्या.