आऱ्याचं दुसरं टोक

रविवार, सकाळ. प्रताप नगरातल्या आमच्या फाटकाशी हजर: मी, वाऱ्यानं पडलेला कडुनिंब, शेजारचे काका आणि दोघांनी ओढायचा त्यांचा लांबलचक आरा. गैरहजर: दुसरं टोक धरणारा.

काका बोलतातही आरा ओढल्यासारखे. एक वाक्य टाकून थांबतात. आपण उत्तर दिल्याशिवाय दुसरं येत नाही. दुसरं टोक मी धरलं, तर पातं वाकलं.

"ताई, ढकलून काहून राहिल्या? तुम्ही फक्त ओढा. परत मी ओढतो."

जमेना. शेवटी मी मनीषनगरातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराला फोन केला. दिवाळीत पत्त्यांवरून बिनसल्यापासून दोघांचा अबोला होता. तो आला आणि काकांकडे न बघता टोक धरून बसला.

"ताई, त्याले सांगा, आऱ्याले कानस मारली नाही."

"ताई, त्याले सांगा, तोंड कमी, हात जास्त चालव."

मी निरोप पोचवत राहिले. दुसऱ्या ओंडक्यापर्यंत मधे माझी गरज उरली नाही.

"हळू ओढ गा, म्हाताऱ्या!"

"तूच म्हातारा!"

शेवटचा ओंडका अर्धा चिरला आणि काका उठले. काम अर्धवट सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाकी उद्या. थकलो."

"उद्या मले काम हाय."

"मंग आरा राहू दे इथंच अडकलेला."

जोडीदारानं चपला पायात सरकवल्या. "किती वाजता येऊ?"

आज बुधवार. दोघं रोज येतात, चहा पितात, भांडतात, बोटभर चिरतात. ओंडका अजून फाटकातच आहे.