भरत्या टाकीचा आवाज

"मॅडम, आधी बाहेर या! बघा काय करून ठेवलंय!"

मी केबिनमधून बाहेर धावले. एका लाल मोटरसायकलच्या टाकीवरून पेट्रोल ओघळून खाली तापलेल्या इंजिनवर ठिबकत होतं. गाडीचा मालक तारस्वरात ओरडत होता, आणि शेजारी आमचे दत्ताकाका नोझल हातात धरून नुसते उभे होते.

मी डोंबिवलीतल्या एका पेट्रोल पंपावर मॅनेजर आहे. अशा वेळी काय करायचं हे आमचं पाठ असतं. आधी मशीन बंद. गाडी चालू करायची नाही, ढकलत बाजूला न्यायची. टाकी फडक्याने पुसायची, जमिनीवर वाळू टाकायची आणि इंजिन गार होईपर्यंत गाडीच्या मालकाला चहा पाजायचा. चहा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण त्याशिवाय मालक गार होत नाही.

"मी बस बस ओरडतोय आणि हे भरतच सुटलेत," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "ऐकायलाच तयार नाहीत!"

मी काकांकडे पाहिलं.

"नोझल कट झालं नाही," काका म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

हे कट होणं म्हणजे काय ते सांगते. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर चढलं की नोझल आपोआप बंद होतं. कारला हे छान जमतं. मोटरसायकलची टाकी उथळ असते, नोझल वरच्या वर धरावं लागतं, आणि मग त्या भोकाचा भरवसा राहत नाही. तिथे माणसाच्या हाताने थांबायचं असतं. तेही गळ्याच्या थोडं खालीच, कारण उन्हात पेट्रोल फुगतं आणि त्याला जागा लागते. गिऱ्हाइकांना हे पटत नाही. "वरपर्यंत भरा ना, पैसे देतोय," असं ऐकवतात.

दत्ताकाका आमच्या पंपावरचे सगळ्यात जुने. कोपरला राहायचे, मूळचे कोकणातले. नवीन आलेल्या प्रत्येकाला नोझल धरायला तेच शिकवायचे. त्यांच्या हातून पेट्रोल सांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. टाकीकडे बघायचेसुद्धा नाहीत. रस्त्याकडे तोंड करून गिऱ्हाइकाशी गावच्या गप्पा मारायचे आणि नेमके थांबायचे. त्यामुळे मीही नोझललाच दोष दिला. ते बदलून घेतलं, डब्यात पेट्रोल काढून तपासलं. सगळं व्यवस्थित होतं.

गणपती तोंडावर आले होते. एरवी आमच्याकडे मोटरसायकलवाले "शंभरचं टाका", "दोनशेचं टाका" म्हणतात. तेवढा आकडा दाबला की मशीन स्वतःच थांबतं, माणसाला काही करावं लागत नाही. गणपतीच्या आधी मात्र सगळे गावाला निघतात. मागे बॅगा बांधलेल्या, पुढे मखराचं सामान, आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, टाकी फुल. टाकी किती रिकामी आहे हे मशीनला कळत नाही. तिथे हातच लागतो.

त्याच आठवड्यात पुन्हा सांडलं. या वेळी एक बाई मागच्या सीटवरून नुकत्या उतरून गाडीला टेकून उभ्या होत्या. पेट्रोल त्यांच्या साडीवर गेलं. त्या किंचाळल्या तेव्हा कुठे काकांनी नोझलचा खटका सोडला. आम्ही त्यांना आत नेऊन साडी बदलायला लावली, पाय धुवायला पाणी दिलं. एखादी ठिणगी पडली असती तर काय झालं असतं!

पंपाचे मालक, आमचे शेठ, तेव्हा तिथेच होते. "म्हाताऱ्याचं लक्ष नाही कामात," ते म्हणाले. "आजच्या आज काढून टाका."

"मी बोलते त्यांच्याशी. तोवर ते नोझलवर जाणार नाहीत."

"बोलून काय होणार आहे?"

माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. हल्ली काका रस्त्याकडे बघत नव्हते. वाकून टाकीत डोळे घालून भरत होते. वयानुसार जपून काम करतायत, असं मी समजत होते.

दुपारी ते मागच्या बाजूला नळावर हात धूत होते. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

"काका, तुमचा डबा सांडला."

ते हात धूत राहिले.

"काका!" मी मोठ्याने म्हटलं. आत हिशेब करणारी सुषमा दचकून दारात आली. काका वळले नाहीत. नळ बंद करून फिरले तेव्हा मी दिसले, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं.

आम्ही तिथेच बाकड्यावर बसलो. मी त्यांच्या समोर तोंड करून सावकाश बोलले.

"कधीपासून?"

"डावा कान तर कधीच गेला. उजवा आत्ता आत्ता." गळ्यातल्या फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "टाकी बोलते हो मॅडम. सुरवातीला खळखळते, मग आवाज बारीक बारीक होत जातो. एकदम बारीक झाला की सोडायचं. मी काय बघून थोडीच भरायचो. आता ती बोलतच नाही."

"मशीन लावलं नाही कानाला?"

"मुलाने आणून दिलं ना. घरी बरं वाटतं. इथे लावलं की हॉर्न, हवेचा पंप, रिक्षा, सगळं एकदम कानात घुसतं. त्यात टाकी कुठे सापडायची?"

"मला सांगायचं नाही का, काका?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नोझल काढून घेतलं असतं."

"हो," मी म्हणाले. "घेतलं असतं."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मान हलवली. मग गळ्यातलं फडकं काढलं, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. मला रडू आलं. त्यांच्या देखत रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी फडकं घेऊन केबिनमध्ये गेले.

मी शेठशी भांडून त्यांना टायरमध्ये हवा भरायच्या कामावर ठेवलं. तिथे काट्याकडे बघून काम होतं. पण गिऱ्हाईक गाडीवर बसूनच "पुढे पंचवीस, मागे तीस" असं ओरडणार, काका "काय?" विचारणार आणि गिऱ्हाईक वैतागणार. दिवाळीनंतर ते स्वतःच यायचे बंद झाले. मी कोपरला घरी जाऊन आले. काकूंनी कांदेपोहे केले. काका भरपूर बोलले, पंपाचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

यंदा गणपतीच्या आधी ते आले. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, कानात मशीन, मांडीवर पिशवी. गावाला निघाले होते.

सुषमा आता नोझलवर असते. काकांनीच तिला शिकवलेलं. "झिरो बघा, काका," ती नेहमीसारखं म्हणाली आणि मग आकड्याकडे बोट दाखवलं. ते हसले.

"टाकी फुल," मुलगा म्हणाला.

पेट्रोल पडायला लागलं तसे काका पुढे झाले. त्यांनी तळवा टाकीवर ठेवला आणि कान खाली नेला. आम्ही सगळे गप्प झालो, जणू त्याने काही फरक पडणार होता. रस्त्यावर हॉर्न चालूच होते.

"बस," काका म्हणाले.

टाकीत अजून बरीच जागा होती. मला आकड्यावरून अंदाज येत होता, सुषमाला तर समोर दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने नोझल उचलून जागेवर लावलं.

"अगं, फुल सांगितलेलं ना?" मुलगा म्हणाला. "अजून मावेल की."

"काका बोलले ना बस," सुषमा म्हणाली.

मुलाने एकदा बापाकडे पाहिलं आणि झाकण लावलं. काकांनी टाकीवर बोट फिरवून बघितलं. कोरडी होती. "थेंब नाही सांडला," ते मला मोठ्याने म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं.

गाडी शिळफाट्याच्या दिशेला गेली. पेणच्या आसपास त्यांना पुन्हा पेट्रोल भरावं लागलं असणार.

टाकी गळ्यापर्यंत भरू नये, असा आमच्याकडे नियमच आहे. त्या दिवशी आम्ही तो जरा जास्तच पाळला.