कोलशेतच्या गोविंदाचं मैदान

१९५३ साल. ठाण्यातल्या पोरांनी फुटबॉल क्लब काढलेला आणि खाडीजवळच्या पडीक जागेवर मैदान करायला घेतलेलं. जागेच्या मालकाने बजावलेलं, "दिवाळीआधीच्या रविवारी मॅच झाली तर जागा तुमची. नाहीतर मी लाकडाची वखार टाकतो."

जमीन सपाट करायचं काम दिलं कोणाला, तर कोलशेतच्या गोविंदाला! मिठागरात राबणारा माणूस, जन्मात फुटबॉल बघितलेला नाही. पण सपाट म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पंधरा दिवस त्याने माती पायाने तुडवली, फळीने ठोकली, चारी बाजूंनी छान वीतभर बांध घातला. क्लबचे सेक्रेटरी त्र्यंबकराव बॉल ठेवून बघायचे. जिथे ठेवला तिथेच! जरासुद्धा हलत नाही!

शेजारी स्टँड उभा राहिला. लाकडी फळ्यांच्या सहा पायऱ्या, वर पत्रा. गोविंदा रोज मान वर करून बघायचा, पण चढायचा नाही. ती साहेब लोकांची जागा.

आणि शनिवारी परतीचा पाऊस आला ना!

रविवारी सकाळी मैदान म्हणजे आरसा. अख्खा स्टँड पाण्यात उलटा दिसतोय!

"अरे गोविंदा, हे काय केलंस?" त्र्यंबकराव डोकं धरून बसले. "बांध कशाला घातलास?"

"बांध नाय घातला तं पानी ऱ्हाईल कसा?" गोविंदा सवयीने बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा पडला. चारच्या गाडीने कल्याणची टीम येणार, आणि आपण मिठागर बांधून ठेवलंय!

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अवो, रडताव काय? पानी वढायचा तं आपलाच काम हाय."

दुपारी कोलशेतहून तीसेक बायामाणसं आली. मीठ ओढायच्या लांब दांड्यांच्या फळ्या खांद्यावर. गोविंदाने खाडीकडचा बांध फोडला. सगळे एका रांगेत उभे राहिले आणि एका दमात ओढत निघाले. स्टँड तोवर भरलेला. फक्त फळ्यांची सर्र सर्र, आणि पाण्याची अख्खी भिंत बांधाकडे सरकतेय! खालून कोरी, घट्ट, चमकणारी जमीन वर येतेय!

शेवटचं पाणी खाडीकडे गेलं आणि सगळा स्टँड उभा राहिला. त्या स्टँडवरच्या पहिल्या टाळ्या कुठल्या गोलला नाही पडल्या. ह्या माणसांना पडल्या!

साडेचारला शिट्टी वाजली. मालक हसत म्हणाला, "बरं बाबा, वखार रद्द. जागा तुमची."

त्र्यंबकरावांनी गोविंदाचा हात धरला. "चल, वर बस."

"नको साहेब, पाय चिखलाचे हायेत."

"असू देत रे!"

तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसला. स्वतःच्या हातची जमीन त्याने पहिल्यांदा वरून बघितली. एवढी मोठी? एवढी एकसारखी? तोंड उघडंच राहिलं. बावीस जण धावतायत, लोक ओरडतायत, ह्याचं लक्ष फक्त मातीवर.

"काय, कशी वाटली मॅच?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"साहेब, त्या कोपऱ्यान बोटभर खाली ऱ्हायलंय," गोविंदा म्हणाला. "उद्या येतो."