खाली बसणारा गॅस

एका तापातून उठले तेव्हा माझ्या नाकाचा वास गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आलाच नाही. मोगरा, फोडणी, सुकी मासळी, सगळं एकसारखं झालं. मी शाळेत शिकवते. घरात मी आणि बाबा. ते पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर माझ्याकडे रत्नागिरीत आले. वयामुळे त्यांच्या नाकालाही फारसं कळत नव्हतं. दूध करपलं तरी आम्हाला ते धूर दिसल्यावरच समजायचं आणि दोघांनाही हसू यायचं.

शाळा शहराबाहेरची मिळाली, तेव्हा जुनी गाडी घ्यायचं ठरलं. डिझेल, पेट्रोल की गॅस, यावर बाबांनी आठवडाभर विचार केला. शेजारचे आंबेवाले डिझेलच्या बाजूचे होते.

"तुमचं ठीक आहे," बाबा त्यांना म्हणाले. "तुम्ही पेट्या घेऊन मुंबई-पुण्याला जाता. तिथे ॲव्हरेज कामाला येतं. हिची शाळा घाटी चढून दहा किलोमीटर. डिझेलचं इंजिन तापेपर्यंत ही पोचलेली असेल. शिवाय नवी घेतली तर डिझेलला रोड टॅक्सच जास्त. पेट्रोलला त्याहून कमी आणि गॅसला सगळ्यात कमी."

"आणि रोजचं?" मी विचारलं.

"पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये मोठा वाटा कराचाच असतो. केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा. डिझेलवर थोडा कमी. गाडीचा गॅस, म्हणजे एलपीजी, मात्र जीएसटीत येतो, म्हणून स्वस्त पडतो. एका लिटरला तो पेट्रोलपेक्षा कमी पळतो, पण तरी परवडतो. फक्त पंप थोडे, आणि टाकी डिकी खाऊन टाकते."

केळशीच्या एका बाईंकडे गॅसकिट बसवलेली पेट्रोल गाडी विकायला आहे असं कळलं. गाडी त्यांच्या नवऱ्याची. ते गेल्यावर ती पडवीला लागून झाकून ठेवलेली होती. बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली, कागद दिले आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या.

गाडी चांगली चालायची. सुरू व्हायची पेट्रोलवर आणि थोडं तापल्यावर स्टिअरिंगजवळ टिक असा आवाज होऊन हिरवा दिवा लागायचा, म्हणजे आता गॅस. तो टिक झाला की मला मागे कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. टाकीत गॅस हिंदकळतो, इतकंच असेल. पण सड्यावरच्या सरळ रस्त्यावर, जिथे दोन्हीकडे नुसता काळा कातळ आणि माणूस नाही, तिथे मी दोन-तीनदा आरशात पाहिलं. शाळेत पोचेपर्यंत डोकं जड व्हायचं. घाटीचा त्रास म्हणून मी सोडून दिलं.

आमच्या घराचे जांभ्याचे चिरे आवारातच खणून काढलेले. ती खाण पुरुषभर खोल तशीच राहिली होती. आधीच्या मालकाने तिला रस्त्याच्या बाजूने उतार करून वर पत्रे टाकले होते. गाडी तिथेच लागायची. विहिरीच्या पंपाचा स्टार्टरही तिथेच भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला. छपरावरची टाकी रिकामी होत आली की पंप आपोआप सुरू व्हायचा. दुपारच्या वेळी गल्लीतला एक पांढरा कुत्रा गारव्याला तिथे झोपायचा.

ऑक्टोबरातला एक रविवार. सकाळी मी गॅस भरून आणला होता. दुपारी वारा पूर्ण पडला. मी कपडे धूत होते आणि बाहेर इतकं शांत होतं की नळाचा आवाज मोठा वाटत होता. कावळे नव्हते. किडे नव्हते. नेहमीची मासेवाली दारात आली, पण टोपली खाली ठेवेना. ती पदराने नाक दाबून फाटकाबाहेर उभी होती.

"बाय, गॅस सुटलाय गो तुमचा," ती म्हणाली. "पार कोपऱ्यापासून वास येतोय. तुम्ही आत कशा बसलाव?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडर पाहिला. बंद होता. शेगडी बंद. तोवर बाबा उताराच्या टोकाशी जाऊन खाली बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

कुत्रा गाडीच्या पुढे आडवा पडला होता, पाय लांब करून, रोज झोपायचा तसाच. मी हाक मारली. त्याचा कानही हलला नाही. त्याच्या अंगाभोवती जमिनीलगतची हवा थरथरत होती, तापलेल्या डांबरावर थरथरते तशी, पण तिथे तर सावली होती. मग मला मागच्या चाकाआड पांढरं काहीतरी दिसलं. गॅसच्या नळीच्या जोडावर हिम धरलं होतं. ऑक्टोबरच्या दुपारी, रत्नागिरीत, आमच्या गाडीखाली बर्फ.

मी पाऊल टाकणार तोच बाबांनी माझा दंड धरला. इतक्या जोरात त्यांनी मला लहानपणीही धरलं नव्हतं.

"खाली उतरायचं नाही. हा गॅस वर जात नाही, खाली बसतो. हा खड्डा भरलाय." ते हळू बोलत होते. "नळ चालू आहे का तुझा?"

तेव्हा मला कळलं. छपरावरची टाकी रिकामी होत होती. पंप कधीही सुरू झाला असता, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरली असती.

मी घरात धावले. नळ बंद करताना माझ्या ओल्या हातातून तो दोनदा निसटला. बाबा फाटकाजवळच्या मीटरच्या पेटीकडे गेले. ती रस्त्यावर, उंचावर होती. त्यांनी मेन खाली ओढला. घरातला पंखा थांबत गेला. मी पंप सुरू होण्याचा आवाज ऐकत उभी होते. तो आला नाही.

आंबेवाल्यांच्या घरून बंबाला फोन केला. मासेवालीने टोपली कोपऱ्यावर ठेवली आणि रस्त्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती परत पाठवू लागली. एकाची विडी तिने तोंडातून काढून घेतली. आम्ही एका खड्ड्याकडे बघत उभे होतो. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं आणि मला तर वासही येत नव्हता. सगळे ज्याला भीत होते ते माझ्यापुरतं तिथे नव्हतंच. तासाभराने बंब आला. माणसांनी पाण्याचे फवारे मारले, नंतर खाडीकडून वारा सुटला. कुत्र्याला त्यांनी गोणत्यात घालून वर आणलं.

मेकॅनिकने जोड उघडून दाखवला. आतलं सील जुनं होतं. "ही गळती आत्ताची नाही," तो म्हणाला. "बारीक बारीक कधीपासून सुटत असणार." किट काढलं. आरटीओत नोंद बदलताना मी कराचा फरक विचारला, तर कारकुनाने कागद उलटून पाहिले. "फरक कसला? मूळ कर पेट्रोलचाच भरलाय. गॅस नंतर बसवलाय."

केळशीला जाऊ नकोस, असं बाबा म्हणाले. मी गेले. माझ्या डोक्यात 'कधीपासून' हा शब्द राहिला होता.

बाईंनी सरबत दिलं. मी जोडाचं सांगितलं, सकाळी गाडीत मला व्हायच्या त्रासाचं सांगितलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"हे दुपारी गाडीत पडायचे," त्या म्हणाल्या. "काचा लावून. घरात माशा येतात म्हणून. त्या दिवशी मी चहाला उठवायला गेले, तर उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट."

"हार्ट असेलही," मी म्हटलं.

"वास मला यायचा. मी दोनदा बोलले. ते म्हणायचे, गॅसची गाडी आहे, वास येणारच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला गाडीत काय व्हायचं? खरं सांगा."

"डोकं जड व्हायचं. आणि झोप यायची."

"दुखत, गुदमरत नव्हतं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पडवीच्या कडेला गाडीच्या जागी आता सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. त्या उठल्या आणि खाली वाकून, एका हाताने गुडघा धरून, सुपाऱ्या उलटू लागल्या. मीही शेजारी बसले आणि माझ्या बाजूच्या उलटल्या.