गिअरबॉक्स खाली असताना

गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की चाचांच्या गॅरेजात कोणी बोलायचं नाही. पनवेलच्या एसटी स्टँडामागे त्यांची पत्र्याची शेड, मधे गाडीखाली उतरायचा खड्डा. एरवी चाचा बोलके. पण तेवढा वेळ कोणाचा फोन वाजलेलाही त्यांना खपत नसे. "एक बोल्ट ढिला राहिला तर मला कळत नाही, ड्रायव्हरला घाटात कळतं," म्हणायचे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून ते गॅरेज मला आवडायचं.

आमचा जुना पिकअप. लग्नकार्याची भांडी आम्ही भाड्यानं देतो, ती त्यातून जातात. आमच्या ह्यांना गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवायची सवय. चाचा दरवेळी टोकायचे, "अरे, क्लचवरचा पाय म्हणजे दारात उभा राहिलेला पाहुणा. आत ये, नाहीतर जा!" हे हसायचे. पाय तिथेच.

मागच्या लग्नसराईत त्या पायानं दगा दिला. उरणकडच्या एका गावात संध्याकाळी हळद होती. पातेली, पराती, शेगड्या भरून निघालो, तर पुलाचा चढ चढेना. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागेवर, आणि जळका वास. लोकांनी ढकलत गॅरेजात आणली. दुसरा टेम्पो त्या दिवशी कुठेच मोकळा नव्हता. चारपर्यंत भांडी पोचली नाहीत तर गावाचं जेवण चढणार नव्हतं, आणि त्या पट्ट्यात आम्हाला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

"चाचा, किती टाइम?" ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"घड्याळ तुझ्या हातात, पाना माझ्या हातात. तू बाहेर उभा राहा. बेटी, तू ये. बत्ती धर."

मी खड्ड्यात उतरले. गिअरबॉक्स जॅकवर हळूहळू खाली आला. जुनी क्लचप्लेट निघाली, काळी, झिजून गुळगुळीत. तिच्या मधला स्प्रिंगांचा फुगवटा आमच्या बाजूला होता. चाचांनी कापडानं सगळं पुसलं. स्वतः तासलेल्या लाकडी दांड्यावर नवी प्लेट तोलून बसवली, वर झाकण लावलं आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळायला घेतले.

नव्या प्लेटची सपाट बाजू आमच्याकडे होती.

मला वाटलं, नवीन प्लेट अशीच असेल. ज्यांची दाढी ह्या कामात पांढरी झाली त्यांना मी चौथी शिकलेली काय सांगणार? आणि नियम होता. दोन बोल्ट बसले. बाहेर हे फोनवर सांगत होते, "निघालोच, दादूस, निघालोच." तिसरा बोल्ट बसला.

"बत्ती हलवू नको," चाचा पुटपुटले.

"चाचा," माझ्या तोंडून गेलं, "जुनीचा फुगा आपल्याकडं होता. हिचा नाय."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी दांडा काढला, मधल्या भोकातून बोट घातलं आणि कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग बोल्ट सोडायला लागले. प्लेट हातात आल्यावर ती माझ्यासमोर धरली. "आता बघ."

"उलटी करा. हां. आता बरोबर हाय."

"डावा डोळा गेलाय माझा," ते अगदी हळू म्हणाले. "उजव्यात नुसतं धुकं. बाहेर बोलू नको."

हे वरून ओरडले, "खाली काय चाललंय? परत का खोलताय?"

मी म्हणाले, "धूळ गेली व्हती आत."

ह्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. गाडी चार वाजून गेल्यावर पोचली. आचारी चिडला होता, पण तासाभरात शेगड्या पेटल्या.

त्यानंतर चाचांनी एकही क्लच खोलला नाही. कंबर धरली, असं सगळ्यांना सांगितलं आणि पावसाळ्याआधी शेड दुसऱ्याला दिली. माझ्या एका वाक्यानं त्यांचं काम बंद पडलं, हे मला फार लागलं. म्हणून मी त्यांच्या घरी जायला लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा नेहमीसारखी दाराशी गप्प उभी राहिले. त्यांचा चेहरा दाराकडे, पण ओळख नाही. "कोण आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा मला कळलं, इथे आपण बोललो नाही तर आपण आलोच नाही.

मग मी बोलायचे. रस्ता कुठे खणलाय, कोणाची हळद झाली, गाडी कशी चालते. ह्या श्रावणात चाचा गेले, तोवर दर शुक्रवारी तासभर मी बोलत होते. एवढं मी माहेरीही कधी बोलले नाही.