डबरीतला एकच गड्डा

मोथेबाई कोणतीही हिरवी काडी हाती आली की आधी ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवून पाहत. बोटांना तीन कडा लागल्या तर ती मोथ्याच्या कुळातली. नाही लागल्या तर गवत, आणि गवताशी त्यांना कर्तव्य नव्हते. आमच्या वसाहतीच्या सेक्टरातल्या गणपतीसमोरच्या तबकातली दूर्वाही त्यांनी एकदा अशी तपासली. एक जुडी बाजूला काढून यजमानीणबाईंना म्हणाल्या, "हा लव्हाळा आहे. देवाले चालत असेल तर राहू द्या."

मोथेबाई हे नाव त्यांना सेक्टरने दिले होते आणि त्यांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. त्यांचे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, अधिकारी होते. मी दुर्गच्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक आणि त्यांचा शेजारी. बाई नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, पुढचे संशोधन लग्नात सुटले. त्यानंतर आसपासच्या तळ्याडबऱ्यांमधले मोथे आणि लव्हाळे गोळा करायचे, वाळवायचे आणि एका दूरच्या हर्बेरियमकडे, म्हणजे वाळलेल्या वनस्पतींचे नमुने कायमचे जपणाऱ्या संस्थेकडे, पाठवायचे, हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. त्यासाठी त्यांना कुणी नेमले नव्हते.

मागच्या क्वार्टरमधल्या बाई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या. त्या कुंपणावरून म्हणत, "आमच्या बाबानं जिंदगीभर वावरातला मोथा उपटला, अन् तुम्ही त्याले पेपरात झोपवून राहिल्या!"

"बाबाले म्हणा, मुळासकट उपटत जा," मोथेबाई उत्तर देत. "वरचंवर तोडलं तं ना त्यांच्या कामाचं, ना माझ्या."

नमुने वाळवायला त्यांना लागणारी रद्दी आमच्या कचेरीतून जाई. बातमी काय आहे हे त्या पाहत नसत. शाई हाताला लागते का, एवढेच पाहत. लांब दांडी कागदात मावत नसे, म्हणून ती दोन ठिकाणी मोडून बसवायची, वर दुसरा कागद, त्यावर फळी, आणि फळीवर कोक ओव्हनमधून बाद झालेल्या विटा. पावसाळ्यात कागद सकाळ-संध्याकाळ बदलावे लागत. एकदा साहेबांना, म्हणजे यजमानांना, ताप असताना बाईंनी त्यांच्या कपाळावरची पट्टी आणि नमुन्यांचे कागद एकाच फेरीत बदलले. साहेब पडल्या पडल्या म्हणाले, "आधी कोणाचं बदललं, ते नको सांगू."

त्यांचा एक नियम होता. एखादी जात एका जागी भरपूर असेल तर मुळासकट घ्यायची. एकटा गड्डा, म्हणजे एका मुळातून उठलेला झुपका, दिसला तर उपटायचा नाही. "आपण नोंद करायले जातो, संपवायले नाही," असे त्या म्हणत. एकट्या गड्ड्याची फक्त एक काडी कापायची आणि तो पसरण्याची वाट पाहायची.

हथखोज गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक डबरी, म्हणजे लहानसे तळे, होती. ऐंशीच्या दशकातल्या एका भाद्रपदात त्यांना तिथे, काठापासून आत, कमरेइतक्या पाण्यात एक गड्डा दिसला. त्या तो ओळखू शकल्या नाहीत. डबरी त्यांनी चारी बाजूंनी पाहिली. दुसरा गड्डा नव्हता. एक काडी कापून त्या परतल्या.

हर्बेरियमचे उत्तर आले. आपल्या कपाटांतल्या कोणत्याही नमुन्याशी ही काडी जुळत नाही, असे तिथल्या तज्ज्ञांनी कळवले होते. मात्र दाणा पिकलेला आणि मूळ जोडलेले असल्याशिवाय निर्णय देता येणार नाही. बाईंनी हे मला दारातच सांगितले. त्या दिवशी मी त्यांना प्रथमच भराभर बोलताना ऐकले. "नवीन असेल. असेलच असं नाही. पण असेल."

दसऱ्याच्या आधी त्या पाहून आल्या. दाणा हिरवाच होता. साहेब म्हणाले, "आणून टाक. घरी बादलीत पिकंल."

"एकच आहे," त्या म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर साहेबांना ड्यूटी होती, म्हणून त्यांना मी स्कूटरवर नेले. डबरीच्या जागी स्लॅगचा, म्हणजे भट्टीतल्या मळीचा, सपाट ढीग होता आणि त्यावर डंपर रिकामा होत होता. कुणा कारखानदाराने शेडसाठी जागा घेतली होती. बाईंनी पहारेकऱ्याला विचारले, "भैया, यहाँ पानी था ना?"

"तरिया ला तो पाट दीन, दाई," तो छत्तीसगढीत म्हणाला. तळे बुजवले, आई, एवढाच त्याचा अर्थ. त्याने त्यांच्या हातातल्या खुरपीकडे पाहिले. "कुछु गँवा गे का?"

काही हरवले का, या प्रश्नाला त्यांनी मान हलवून नाही म्हटले. कडेने एक फेरी मारली आणि स्कूटरवर येऊन बसल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. साहेब ड्यूटीवरून आले, त्यांनी ऐकून घेतले, बूट काढले आणि म्हणाले, "उपटून आणलं असतं तं?" त्यात टोमणा नव्हता. बाई चहा गाळत होत्या. त्यांनी उत्तर दिले नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा नियम उरला नव्हता. नंदिनी गावाच्या वाटेवर, रेल्वेच्या खड्ड्यांत, दिसेल ते त्या मुळासकट उपटून आणू लागल्या. विटा कमी पडल्या. कागद वेळेवर बदलले जाईनात, गठ्ठ्यांना बुरशी धरली. कुठून काय आणले, याच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या आणि चिठ्ठी नसलेला नमुना कोणतेही हर्बेरियम घेत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्या गेल्याच नाहीत. माझ्याकडे रद्दी साचली, तेव्हा विचारले. म्हणाल्या, "विकून टाका."

साहेब निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि ती दोघे नागपूरला गेली. तिथेच, नव्वदच्या दशकात, बाई वारल्या. मी भेटायला गेलो तेव्हा साहेब एकटे होते. हर्बेरियमने ती काडी अनिर्णित नमुन्यांत ठेवली आहे, एवढे त्यांना माहीत होते. त्यापुढचे त्यांनी मी न विचारता सांगितले.

"तुमच्यासमोरच विचारलं होतं मी, उपटून आणलं असतं तं म्हणून. आठवते? हिनं कधीच उत्तर नाही दिलं. इतकी वर्षं एका घरात राहिलो. मी वाट पाहून राहिलो, आज बोलंल, उद्या बोलंल. आजारपणात एकदा तोंडावर आलं होतं, की माफ कर म्हणावं. नाही म्हटलं. म्हटलं असतं तर तिले पुन्हा तेच आठवलं असतं. ते मी काहून विचारलं?"

त्यांनी चहा करायला घेतला. साखर कुठे आहे हे त्यांना शोधावे लागले. त्या डबरीतल्यासारखा मोथा त्यानंतर कुणाला कुठे सापडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.